84 क्रेट, माळशेज घाट आणि डुलणारी पिकअप : एका गाडीचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ही पिकअप माझ्या गॅरेजला आली. मालक तिशीच्या आतला, माझ्या आत्याच्या गावचा. त्याचं म्हणणं थोडक्यात होतं : "दादा, दोन्हीकडं अजून एकेक पाटा टाका. गाडी लय डुलती."

गाडीचं काम ठरलेलं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, ओतूरवरून माळशेज घाट उतरायचा, मुरबाड-कल्याण करत पहाटेच्या आत वाशीचं मार्केट गाठायचं. येताना बहुतेक वेळा रिकामी. म्हणजे निम्मा प्रवास भरलेला, निम्मा मोकळा, आणि भरलेला प्रवास नेमका उताराचा. पिकअपचा त्रास सांगणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच विचारतो : जाताना काय असतं, येताना काय असतं? कारण दोन्हीकडे सारखीच चांगली चालणारी कमान, म्हणजे पोलादी पाटे एकावर एक बांधून केलेली मागची स्प्रिंग, बनवणं फार अवघड आहे. कुठेतरी तडजोड करावीच लागते, आणि ती कुठे करायची हे मालकाच्या धंद्यावर ठरतं.

खोदून विचारल्यावर आणखी चार गोष्टी कळल्या. 60च्या पुढे गेलं की स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी तरंगल्यासारखी वाटते. वळणावर मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं. रिकामी येताना मागची चाकं खड्ड्यावरून उडतात, हौद्याच्या साखळ्या वाजत राहतात. चौथी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली, तिचा कमानीशी काही संबंध असेल असं त्याला वाटतच नव्हतं : "घाट उतरल्यावर पुढच्या चाकांचा जळका वास येतो. ब्रेक पण जरा लांब लागतो." ब्रेकचे पॅड वर्षात दोनदा बदलून झाले होते.

आदल्या हंगामात त्याने दुसरीकडे दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घेतले होते. त्यानंतर महिनाभर गाडी "एकदम टाईट" वाटली आणि मग पुन्हा डुलायला लागली. म्हणून आता तिसरा पाटा.

मी पाटा टाकायला नकार दिला आणि त्याला म्हटलं, उद्या बाजारातून माल भरून निघालास की आधी वजनकाट्यावर ये, मीही येतो.

काट्यावर काय दिसलं

एकूण वजनाची पावती सगळेच घेतात. आम्ही तीन पावत्या घेतल्या : आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. काटा आणि अलीकडची-पलीकडची जमीन एका पातळीत असेल तर पुढच्या-मागच्याची बेरीज एकूण वजनाशी जुळते. इथे जुळली. आधी संध्याकाळी रिकामी गाडीही अशीच तोलून घेतली होती, ड्रायव्हर आणि क्लीनर आत बसवून.

रिकामी गाडी : पुढे 1,090 किलो, मागे 840, एकूण 1,930.
भरलेली गाडी : पुढे 970 किलो, मागे 2,980, एकूण 3,950.

आरसी बुकवर या गाडीचं भरलेलं वजन 3,490 किलो आहे. म्हणजे 460 किलो जादा. मालकाला हे साधारण माहीत होतं, आकडा माहीत नव्हता. पण पुढच्या चाकांचा आकडा बघून तो आणि त्याचे वडील, दोघेही गप्प झाले. दोन टन माल भरला आणि पुढची चाकं 120 किलोने हलकी झाली. स्टेअरिंग हलकं का लागतं याचं उत्तर त्या पावतीवर छापून आलं होतं.

कारण हौद्यात डोकावल्यावर कळलं. क्रेट सुमारे 54 सेंटिमीटर लांब, 36 रुंद, 29 उंच. या 9 फुटी हौद्यात एका ओळीत तीन आणि केबिनपासून फाळक्यापर्यंत (हौद्याचं मागचं, खाली पडणारं दार) सात ओळी बसतात. पण केबिनलगतची पहिली ओळ मोकळी होती. तिथे ताडपत्री, दोर, जॅक आणि पाण्याचा कॅन. ती भरपाई मागे केलेली : फाळका साखळ्यांवर आडवा टाकून त्यावर चार थरांची एक अख्खी ओळ, 12 क्रेट. हौद्यातही चार थर. एकूण 84.

माल आणि क्रेट मिळून एक नग 24 किलोच्या आसपास भरतो, तेव्हा फाळक्यावरचं वजन झालं 288 किलो. ती ओळ मागच्या एक्सलच्या मागे जवळपास 1.4 मीटरवर आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, 3.2 मीटर. पहार लावून धोंडा उचलतो तसंच हे आहे. मागचा एक्सल म्हणजे टेकू, फाळक्यावरचे क्रेट म्हणजे पहारीवर टाकलेला भार, आणि उचलला जातोय तो धोंडा म्हणजे गाडीची पुढची चाकं. 288 गुणिले 1.4 भागिले 3.2 केलं की 126 येतात. काट्याने दाखवलेली 120ची घट जवळजवळ एकट्या त्या बारा क्रेटची होती. हौद्यातल्या बाकीच्या सहा ओळी एक्सलच्या पुढे-मागे समतोल होत्या, त्यांचा पुढच्या चाकांना ना फायदा ना तोटा.

पुढची चाकं गाडी वळवतात आणि थांबवण्याचं बरंचसं कामही तीच करतात. ओल्या घाटात ती 120 किलोने हलकी असणं मला त्या 460 किलो जादा वजनापेक्षाही जास्त भीतीदायक वाटलं. पावसाळ्यात माळशेजला धबधब्यांपाशी धुक्यात माणसं रस्त्यावर उभी असतात, लहान पोरं असतात. वळण घेऊन गाडी बाहेर येते तेव्हा थांबायला हातात फार थोडी जागा असते.

गाडी खाली शिरून बघताना

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी रॅम्पवर घेतली. वाढवलेले पाटे मोठ्या ट्रकच्या भंगारातले होते. मूळ कमान सात पाट्यांची, जाडी 8 मिलिमीटर. वाढवलेले दोन्ही 10 मिलिमीटरचे. आकड्यांत फरक दोनाचा दिसतो, पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. रुंदी आणि लांबी सारखी धरली तर 10चा एक पाटा 8च्या जवळपास दोन पाट्यांएवढा ताठ. म्हणजे सातावर दोन चढवताना प्रत्यक्षात चार चढवले गेले. कमान दीडपटीहून ताठ झाली आणि शॉकअप मात्र जुनेच. कमान जेवढी ताठ आणि वर भार जेवढा जड, तेवढी तिची उसळी आवरायला शॉकअपमध्ये जास्त ताकद लागते. इथे डाव्या शॉकअपच्या अंगावरून तेलाचा ओघळ आला होता, त्यावर धूळ बसून काळा थर जमला होता. काढून हाताने दाबला तर सायकलच्या पंपाएवढाही विरोध नाही.

उजव्या कमानीत तिसरा पाटा तुटलेला होता. तो लगेच दिसत नाही, क्लिपच्या पट्टीखाली झाकलेला असतो. माझ्याकडच्या पोराने तारेच्या ब्रशने चिखल काढला तेव्हा पाट्याच्या कडेला केसाएवढी तांबडी रेघ दिसली. ताज्या तुटीला अशी रेघ नसते, पाणी आत शिरून गंज बाहेर यायला दिवस जावे लागतात. म्हणजे ही गाडी कित्येक फेऱ्या तुटक्या पाट्यावर घाट उतरत होती. ताठ कमानीत खालच्या पाट्यांनी भार ओढून घेतला म्हणून ती बसली नाही, फक्त उजवीकडे 18 मिलिमीटर झुकली.

कमानीच्या पुढच्या डोळ्यातले बुश (पिनभोवतीचं अस्तर) अंडाकृती झाले होते. पहार घालून हलवल्यावर एक्सल पुढे-मागे सरकताना उघड दिसत होता. वळणावर एका बाजूची कमान दाबली जाते, दुसरी सैल होते. बुश ढिले असले की त्या फरकाने मागचा एक्सल किंचित तिरका होतो आणि मागची चाकं स्वतःच थोडी वळतात. "मागून कोणी ढकलतंय" ही तक्रार शब्दशः खरी होती.

टायरमध्येही घोळ सापडला. मागच्या जोडीत एका टायरवर भाराचा अंक 117, म्हणजे 1,285 किलो. दुसरा कधीतरी पंक्चरच्या घाईत घेतलेला, त्यावर 108, म्हणजे 1,000 किलो. त्या जोडीवर 2,980 किलो बसत होते. शिवाय हवा दाराच्या खांबावरच्या पाटीत लोडसाठी सांगितली आहे त्याहून 14 पीएसआय कमी, कारण रिकामी येताना गाडी उडते म्हणून ड्रायव्हरने ती उतरवून ठेवली होती. कमी हवेचा टायर वळणावर आडवा लवतो, आणि ते लवणंही डुलण्यातच धरलं जातं.

पण या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच होती.

ब्रेकची दांडी

या वर्गातल्या बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या लाईनवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह चॅसीला बसवलेला, आणि त्याच्यापासून एक दांडी किंवा स्प्रिंग मागच्या एक्सलच्या हाउसिंगला (कवचाला) जोडलेली. माल भरला की चॅसी खाली बसते, चॅसी आणि हाउसिंगमधलं अंतर कमी होतं, दांडी व्हॉल्व्ह ढकलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं. गाडी रिकामी असली की अंतर वाढतं आणि व्हॉल्व्ह मागचं प्रेशर तोडतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. थोडक्यात, हा व्हॉल्व्ह वजन मोजत नाही, उंची मोजतो.

पाटे वाढवल्यामुळे ही गाडी रिकामी असताना मूळपेक्षा 50 मिलिमीटर उंच उभी होती. 84 क्रेट भरल्यावर ती 90 मिलिमीटरच्या आसपास बसायची. म्हणजे मूळ रिकाम्या उंचीपेक्षा जेमतेम 4 सेंटिमीटर खाली. मूळ कमान एवढी बसायला सुमारे 600 किलो लागले असते. हौद्यात 2,000 किलो, आणि व्हॉल्व्हच्या लेखी 600. त्या हिशोबानेच तो मागच्या ब्रेकला प्रेशर सोडत होता.

ड्रम उघडला तेव्हा शंका उरली नाही. मागच्या ब्रेकचे लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) जवळपास कोरे होते. पुढच्या डिस्कवर निळसर झाक चढलेली, तापून तापून आलेली. जवळपास चार टनांची भरलेली गाडी घाटात जवळजवळ एकटे पुढचे ब्रेक धरत होते, आणि तेही 120 किलोने हलक्या झालेल्या चाकांवर. ब्रेक लांब लागत होता तो यामुळे. पॅड बदलत राहून हे कधीच सुटलं नसतं.

हे मी मालकाला दांडी हातात धरून, वर-खाली करून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पाटे टाकून मी ब्रेकच काढला म्हणायचा." त्याची चूक नव्हती. पाटे टाकणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल. गाडी बसते, पाटे वाढव, एवढंच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि जुन्या गाड्यांना हा व्हॉल्व्ह नसायचा तेव्हा ते निभावूनही गेलं. काही ठिकाणी ही दांडी तारेने वर बांधून टाकतात, "मागचा ब्रेक फुल्ल करतो" म्हणून. कृपा करून ते कोणी करू देऊ नका. रिकामी गाडी पहिल्या पावसात मागून फिरते.

काय केलं, काय केलं नाही

वाढवलेले चारही पाटे काढले. तुटलेल्या पाट्याची जागा त्याच जाडीच्या नव्या पाट्याने भरली. जुने मुख्य पाटे थोडे सपाट झाले होते. आमच्याकडच्या कमानवाल्या चाचांना मी विचारलं, ठोकून कमान चढवता येईल का. त्यांनी पाटा बोटाने वाजवून बघितला आणि म्हणाले, थंडा ठोकला तर दोन महिन्यांत पुन्हा बसेल, भट्टीत तापवला तर पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरेल आणि पुन्हा नीट पाणी द्यायची सोय इथे नाही. तेव्हा दोन्हीकडचे मुख्य पाटे तयार, नवेच घेतले. पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाईट ग्रीस, सगळे बुश आणि शॅकल पिन नव्या, कमान एक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे. ताणलेले यू बोल्ट परत वापरायचे नाहीत हा आमच्याकडचा नियम आहे. शॉकअपची जोडी, फाटलेले रबर बफर, आणि मागचे दोन्ही टायर 117चे.

मग लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी गाडीच्या सर्व्हिस मापाप्रमाणे लावली. पाट्यांचं काम पूर्ण झाल्याशिवाय हे करण्यात अर्थ नसतो, कारण उंचीच बदलत असते.

मालकाने हवेच्या फुग्यांबद्दल विचारलं, चॅसी आणि एक्सलच्या मध्ये बसतात ते. कल्पना म्हणून ते मला आवडतात : भरताना हवा भरा, रिकामी झाली की सोडा, दोन्हीकडची चाल सुधारते. पण फुगा गाडी वर उचलतो, आणि उचलली की व्हॉल्व्हची तीच फसगत. शिवाय फुग्याचा भार चॅसीच्या अशा एका ठिकाणी येतो जिथे तो घ्यायची तरतूद केलेली नसते. ज्यांची गाडी पासिंगच्या, म्हणजे आरसीवरच्या वजनाच्या, आत आहे आणि जे दांडीचं माप फुग्यासकट लावून घेतील त्यांनी जरूर विचार करावा. इथे गरज नव्हती.

माल भरण्याची पद्धत बदलली, आणि फरकाचा मोठा वाटा तिचा आहे. ताडपत्री, दोर आणि जॅकसाठी केबिनच्या टपावर कॅरिअर आणि सीटखाली पेटी केली. पहिली ओळ केबिनला चिकटून. फाळका बंद. सात ओळी, तीन थर, 63 क्रेट.

पुन्हा काटा : पुढे 1,180, मागे 2,260, एकूण 3,440. आरसीच्या आकड्याच्या 50 किलो आत. पुढच्या चाकांवर आधीपेक्षा 210 किलो जास्त. थर तीन झाल्याने मालाचा मध्य 14-15 सेंटिमीटर खाली आला, आणि जास्तीचे पाटे गेल्याने हौदाही खाली आला. वळणावरचं कलणं मुख्यतः या दोन गोष्टींनी कमी झालं, शॉकअपने त्यात भर घातली.

21 क्रेटचा प्रश्न

हे लिहिणं टाळता येणार नाही. 84चे 63 म्हणजे फेरीमागे चौथा हिस्सा भाडं गेलं. त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, मला गॅरेजमध्ये खुर्ची ओढून समोर बसून विचारलं, "हप्ता कुठून भरायचा?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नव्हतं. मी त्यांना जे माहीत होतं ते सांगितलं. पाटे वाढवले की पासिंग वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, चॅसी आणि ब्रेक होते तेवढेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194प्रमाणे जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. टोमॅटो भर उन्हात रस्त्याकडेला उतरवून ठेवणं म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. वर्षभरातल्या पॅड, टायर, पाट्यांच्या बिलांची बेरीज आम्ही तिथेच वहीवर केली. तिने फरक पूर्ण भरून निघाला नाही, पण निम्म्याहून बराच पुढे गेला. उरलेल्यासाठी त्यांनी शेजारच्या दोन शेतकऱ्यांशी बोलून ऐन तेजीच्या दिवसांत आठवड्याला एक फेरी वाढवली. हे प्रत्येकाला जमेल असं मी म्हणणार नाही.

घाटात

पहिल्या भरलेल्या फेरीला मी बरोबर गेलो. ओतूर सोडल्यावर पाऊस, मढच्या पुढे धुकं. ड्रायव्हरला एकच सांगितलं होतं : घाट ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतरायचा. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर तो म्हणाला, "स्टेअरिंग हातात आलं."

खाली उतरून गाडी बाजूला घेतली आणि इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. काम करण्यापूर्वीच्या फेरीत याच ठिकाणी पुढची डिस्क 310 अंश आणि मागचा ड्रम 70 अंश दाखवत होता. आता डिस्क 190, ड्रम 120. मागचा ब्रेक कामाला लागला होता. माल कमी, गिअर खालचा, त्यामुळे पूर्ण श्रेय व्हॉल्व्हला देता येणार नाही, पण ड्रमचं तापणं फक्त व्हॉल्व्हमुळेच शक्य होतं.

रिकामी येताना गाडी अजूनही थोडी उडते. पासिंगएवढा भार उचलणारी कमान मोकळी असताना मऊ लागणार नाही. मागची हवा परतीला पाटीवरच्या रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणायची, ही सवय ड्रायव्हरने लावून घेतली आहे. त्यासाठी त्याने स्वतःच्या पैशाने हवा मोजायचं मीटर घेतलं, भरताना पुन्हा हवा पंपावर भरून घेतो.

500 किलोमीटरनंतर गाडी भरलेलीच मागवून यू बोल्ट पुन्हा आवळले. तीन जागच्या जागी होते, मागचा उजवा पाव फेरा फिरला. नवे पाटे एकमेकांवर बसताना एवढं होतंच. हौद्याच्या आत, केबिनच्या बाजूला, तीन क्रेटच्या उंचीवर मालकाने पिवळ्या रंगाची आडवी रेघ मारून घेतली होती, बाजारातल्या हमालांना दिसावी म्हणून. पुढची तपासणी दिवाळीआधी ठेवली आहे.